राजीखुशीने लिहून देते

मॅडमनी कागद परत केला तेव्हा त्यावर लाल पेनानं एकच ओळ होती. ‘काका, यात तुम्ही कुठे आहात?’

मी कागद उलटा केला, सुलटा केला. खाली उजव्या कोपऱ्यात माझी सही होती. सहीखाली पूर्ण नाव, नावाखाली तारीख. म्हणजे मी तर तिथेच होतो. ही बाई मला आणखी कुठे शोधत होती, काही कळेना.

बाजूला एक निवृत्त कंडक्टर बसायचे. त्यांच्या कागदावर ‘छान’ लिहिलेलं होतं. ते माझ्याकडे डोकावले. “तुमाले काय आलं भाऊ?”

“प्रश्न आला,” मी म्हणालो.

मी अर्जनवीस आहे. आर्णीला तहसील कचेरीसमोर टिनाच्या शेडखाली माझं टेबल आहे. ज्याला आपलं म्हणणं सरकारी भाषेत लिहिता येत नाही, त्याचा कागद लिहून देणारा माणूस म्हणजे अर्जनवीस. दाखल्याचा अर्ज, रस्ता अडवल्याची तक्रार, प्रतिज्ञापत्र, वाटणीपत्र, सगळं. तीस वर्षं झाली. आधी हातानं लिहायचो, मग टाइपरायटर आला, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक कागदाचा फॉरमॅट तयार असतो. नाव, वय, गाव बदलायचं आणि प्रिंट काढायची. माझा एकही कागद आजवर साहेबाच्या टेबलावरून परत आलेला नाही. त्यामुळे माझ्या मुलीच्या वयाच्या मॅडमनी त्यावर लाल पेन चालवला, हे मला झोंबलं. खोटं कशाला सांगू?

आता मी तिथे गेलो कसा, ते सांगतो. गावातल्या कॉलेजात ‘सर्जनशील लेखन’ असा रविवारचा कोर्स निघाला. सहा रविवार. वीस नावं भरली तरच कोर्स होणार होता आणि नावं झाली होती एकोणीस. प्राचार्य माझ्या ओळखीचे. ते टेबलाशी येऊन म्हणाले, “तुम्ही तर रोज लिहिता. बसा जाऊन.” मी विसावा. मनातून मला वाटत होतं की दोन रविवार झाले की मॅडम मलाच शिकवायला उभं करतील.

मॅडम नेरच्या. दारव्ह्याला गाडी बदलून यायच्या. कॉलेजात तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे पक्की नोकरी नाही, तास असेल तर काम. त्यांची शिकवण्याची पद्धत मला पहिल्या दिवसापासून उलटी वाटली. त्या काय लिहायचं ते सांगायच्या नाहीत, काय लिहायचं नाही ते सांगायच्या. त्याला त्या ‘बंधन’ म्हणत.

पहिलं बंधन असं: घरातल्या एका माणसाबद्दल एक पान लिहा, पण एकही विशेषण वापरायचं नाही. वर्गात पोरींनी डोकं धरलं. एकीनं ‘माझी प्रेमळ, कष्टाळू आई’ लिहिलं होतं. काट मारल्यावर नुसती ‘माझी आई’ उरली आणि पोर रडकुंडीला आली. माझं पान मात्र पंधरा मिनिटांत झालं. विशेषण आमच्या धंद्यात चालतच नाही. पंचनाम्यात ‘भयंकर आग’ असं कोणी लिहीत नाही, आग असते आणि जळालेला माल असतो.

मी लिहिलं माझ्या धाकट्या बहिणीवर. ‘सौ. सुमन, वय पंचेचाळीस, धंदा घरकाम, राहणार महागाव. वडिलांच्या निधनानंतर सहा एकर शेतातील आपला हिस्सा तिने भावाच्या नावे राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाला बळी न पडता सोडून दिला. त्याबाबत तिची कसलीही तक्रार नाही.’ खाली सही. याच कागदावर तो लाल प्रश्न आला होता.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाप वारला की शेत सगळ्या लेकरांच्या नावावर चढतं, पोरींच्याही. मग भाऊ बहिणीला घेऊन माझ्यासारख्याकडे येतो आणि बहीण लिहून देते की माझा हिस्सा मी सोडला. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. आमच्याकडे लेकीनं वावर मागितलं की माहेर तुटलं असं धरतात, म्हणून बहुतेक जणी सही करतात. उद्या कोणी ‘जबरदस्तीनं लिहून घेतलं’ म्हणू नये म्हणून त्यात ते राजीखुशीचं वाक्य असतं. अशी किती हक्कसोडपत्रं मी केली असतील, मोजलेली नाहीत. सुमनचंही मीच केलं होतं. आई आधीच गेलेली, वारस आम्ही दोघंच. अठरा वर्षांपूर्वी, टाइपरायटरवर.

तास संपल्यावर मी मॅडमना गाठलं. “मॅडम, यात चूक काय आहे?”

“चूक काहीच नाही काका.”

“मग?”

“पुढच्या रविवारी हेच पान पुन्हा लिहा. बंधन एकच. तुमचा हात जे वाक्य आपोआप लिहितो, ते वापरायचं नाही.”

“कोणतं?”

त्यांनी ‘राजीखुशीने’पासून ‘न पडता’पर्यंत रेघ ओढली.

“मॅडम, हे काढलं तर दस्त उभाच राहत नाही.”

“दस्त लिहायचाच नाहीये. त्या दिवशी काय झालं, ते लिहायचं आहे.”

“पण मुद्दाम अडवायचं कशाला?”

“सवयीची वाट बंद केली की माणूस दुसरी वाट शोधतो.”

आमच्याकडे वाट बंद झाली की माणूस माझ्या टेबलावर येऊन अर्ज लिहून घेतो. 

आठवडाभर मी कामातून वेळ काढून ते पान लिहीत होतो. ‘स्वेच्छेने’ लिहून पाहिलं. ‘आपल्या मर्जीने’ लिहून पाहिलं. ‘स्वखुशीने व आनंदाने’ असंही लिहिलं. तीन कागद घेऊन रविवारी गेलो. मॅडमनी तिन्ही वाचले आणि हसल्या. “काका, सदरा बदलला, माणूस तोच आहे.”

मग त्यांनी विचारलं, “बरं, त्या दिवशी झालं काय?”

मी सांगितलं. सुमन आणि आमचे जावई, म्हणजे तिचा नवरा, महागावहून एसटीनं आले. कागद मी आधीच टाइप करून ठेवला होता. तो मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं सही केली. निबंधक कार्यालयात काम झालं. मग आम्ही चहा घेतला आणि ती दुपारच्या गाडीनं परत गेली.

“ताई काय म्हणाल्या?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“कागदात होतं ना सगळं.”

“पण कागद तुम्ही लिहिला होता.”

माझं डोकं सटकलं. सगळ्या वर्गासमोर मी म्हणालो, “मॅडम, तीस वर्षांत माझा एक कागद कोणी परत नाही केला!”

मॅडमनी पेन खाली ठेवला. एरवी त्या पुस्तकातल्यासारखं बोलायच्या. तेव्हा मात्र नेरच्या झाल्या. “काका, चिडून काहून राह्यले तुमी? मी त बस एवढंच इचारलं, त्या काय म्हणल्या.”

पोरी हसल्या, कंडक्टरही हसले. मी घरी आलो आणि पुन्हा जायचं नाही असं ठरवून टाकलं.

दोनच दिवसांत टेबलावर गजानन आला. जवळच्याच गावचा, ओळखीचा. सोबत त्याची बहीण वंदना. हक्कसोडपत्र करायचं होतं. मी फॉरमॅट उघडला. नाव, वय, गाव बदललं. खाली ते वाक्य आधीपासून होतंच. बाईनं अजून तोंड उघडलं नव्हतं आणि तिची राजीखुशी माझ्या स्क्रीनवर तयार होती. हे काही त्या दिवशी नवीन घडत नव्हतं. पण मला ते त्या दिवशी दिसलं आणि हात थांबला.

“वंदना, तुले काय म्हणाचं आहे?” मी विचारलं.

तिनं भावाकडे पाहिलं. गजानन म्हणाला, “काका, तिले काय इचारता? ठरलं हाये सगळं घरी.”

“दोघांच्या आधारच्या झेरॉक्स लागन. घेऊन ये बरं.” झेरॉक्सचं दुकान रस्त्याच्या पलीकडे आहे आणि तिथे नेहमी गर्दी असते. तो गेला.

“आता बोल.”

“दादा म्हणन थेच.”

“दादाचं मी लिहीनच. तुहं काय?”

तिनं रस्त्यापलीकडे पाहून भाऊ येत नाही याची खात्री केली. मग म्हणाली, “खरंच लिहान काय काका? लिहा मंग. वावर सोडून राह्यली मी. पण तुरीच्या शेंगा भरल्या का मले बलावत जा म्हणा. आई होती तवा दरसाल बलावे. डेगभर शेंगा उकडे. आता दोन साल झाले, कोणाचा फोन नाई. औंदा मीच फोन केला, शेंगा भरल्या काय म्हणून. वहिनी म्हणे, संपल्या.”

मी ते वाक्य उडवलं आणि त्या जागी टाइप केलं: ‘माझा हिस्सा मी भावाच्या नावे सोडत आहे. माझे म्हणणे एवढेच की, दरवर्षी तुरीच्या शेंगा भरल्या की मला बोलवावे.’ प्रिंट काढली. मला फार बरं वाटलं. मॅडमना हा कागद दाखवायला पाहिजे, असंही मनात येऊन गेलं.

गजानन आला, कागद वाचला आणि त्याचे कान लाल झाले. “हे काय लिहून राह्यले काका? साहेब हासन आमाले! गावात लोकं म्हणतीन, बहिणीले शेंगा देत नाई हे.” मग तिच्याकडे वळून, “तू सांगतलं हे?”

“मी कायले सांगू? काकाईनंच इचारलं.”

त्यानं फाइल उचलली आणि शेजारच्या टेबलावर नेली. तिथे दहा मिनिटांत कागद निघाला, ते वाक्य जागच्या जागी. जेवणाच्या सुट्टीआधी सही, फोटो, अंगठा, सगळं आटोपलं. माझ्या विचारण्यानं वंदनाला मिळालं काय, तर परतीच्या वाटेवर भावाची बोलणी. मला स्वतःचा रागच आला. शेजारचा अर्जनवीस तिकडून ओरडला, “काय भाऊ, कविता लिहून राह्यले म्हणते तुमी!”

जाता जाता गजानन गाडी काढायला गेला तेवढ्यात वंदना परत टेबलाशी आली. “काका, थो पयला कागद फेकला काय?”

तो रद्दीच्या खोक्यात होता. मी काढला, हातानं सरळ केला आणि दिला. तिनं त्याच्या चार घड्या केल्या आणि पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे ठेवला. या कागदाला कायद्यानं काही किंमत नाही, हे तिला सांगणं माझं काम होतं. मला सांगवलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवस माझं कामात लक्ष लागलं नाही. कोण बरोबर, तेच समजेना. कायद्यानं पाहिलं तर गजानन बरोबर होता. धंद्यानं पाहिलं तर शेजारचा बरोबर होता. मॅडमनी तर फक्त वाक्य काढायला सांगितलं होतं, बाईला बोलतं करायला नाही. पण एक गोष्ट मनातून हलेना. सुमनला मी अठरा वर्षांत एकदाही शेंगा खायला बोलावलं नव्हतं. भाऊबीजेला ती यायची तेव्हा शेंगा भरलेल्या नसतात, आणि भरतात तेव्हा मला आठवण नसते.

शनिवारी मी वावरात गेलो, चांगल्या भरलेल्या शेंगा तोडल्या, मोठी पिशवी भरली आणि महागावची गाडी धरली. गाडीत मी वाक्यंही जुळवत होतो. सुमनच्या डोळ्यांत पाणी येईल, माझ्याही येईल, आणि रविवारी मॅडमना देण्यासारखं पान तयार होईल. खरं सांगायचं तर त्या पानाचाही मोह होताच.

सुमन ओट्यावर कापसातला कचरा काढत बसली होती. जावयांचं शिलाईचं दुकान आहे, स्वतःचं शेत नाही. ते दोघं दोन एकर मक्त्यानं करतात, म्हणजे दुसऱ्याचं शेत वर्षाच्या बोलीनं. हे मला माहीत होतं. पण माझ्याकडच्या तिच्या कागदावर ‘धंदा घरकाम’ असंच राहून गेलं होतं.

तिनं पाणी दिलं. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली.

“शेंगा? औंदा कशी आठवण आली रे भाऊ?”

“सुमन, तू आर्णीले सही केली होती ना वावराची, तवा काय म्हणली होती तू?”

तिचे हात कापसात चालूच होते. “तू इचारलं कुठं? तू त वाचून दाखवलं.”

“इचारलं असतं त?”

आता ती थांबली. मी वाट पाहत होतो. माहेर राहू दे म्हणेल, शेंगांना बोलावत जा म्हणेल.

“मले वावर पाह्यजे होतं,” सुमन म्हणाली.

मी पिशवीकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. “शेंगा त मी बजारातूनबी आणते, भाऊ.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता तरी आलं असतं. मी पिशवी बाजूला सारली आणि म्हणालो, “दोन एकर लिहून देतो तुले.”

“हिस्सा किती निघते?”

हे मला कोणी विचारावं? तीस वर्षं दुसऱ्यांचे हिस्से काढतोय. “तीन,” मी म्हणालो.

“मंग?”

घरी तीन एकराचं सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “लोकं बहिणीचं लिहून घेते, तुमी लिहून देऊन राह्यले! कोणं शिकवलं हे?”

“कॉलेजात,” मी म्हणालो. तेव्हापासून ताट नुसतं समोर येत होतं, शब्द नाही.

शेवटच्या रविवारी मी मॅडमना पान दिलं. पान कसलं, चार ओळी. ‘मी वाचून दाखवले. तिने सही केली. तिला वावर पाहिजे होते. मी विचारले नाही.’ मॅडमनी ते दोनदा वाचलं. मी विचारलं, “मॅडम, ही कथा झाली का?”

“मला नाही सांगता येत काका,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला काय वाटतं?”

 सर्टिफिकेटवर ‘ब’ श्रेणी मिळाली. कंडक्टरांना ‘अ’ मिळाली. त्यांनी एसटीवर लिहिलं होतं आणि ते खरोखर छान होतं, हे कबूल करतो.

मग बक्षीसपत्राचा दिवस आला. आपल्या नावावरचं शेत दुसऱ्याला देण्याच्या कागदाला बक्षीसपत्र म्हणतात. सुमन टेबलासमोरच्या बाकावर बसली. मी फॉरमॅट उघडला. प्रत्येक दस्तात वर दोन नावं असतात, एक ‘लिहून घेणार’ आणि दुसरं ‘लिहून देणार’. पहिल्या जागी सुमनचं नाव टाकलं. दुसऱ्या जागी माझं. त्या जागेवर मी हजारो लोकांची नावं टाइप केली आहेत. माझं नाव तिथे पहिल्यांदा दिसलं आणि मला मॅडमचा लाल पेन आठवला.

खाली ते वाक्य होतंच. राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाला बळी न पडता. मी तिथे अडकलो.

“काय झालं?” सुमननं विचारलं.

“हे वाक्य ठेवू का काढू, थे पाहून राह्यलो.”

“तू राजीखुशीनं देऊन राह्यला काय?”

मी विचार केला. शुद्धीवर तर होतो. बाकी बायकोचा अबोला होता, वंदनाचा चार घड्यांचा कागद होता, आणि तीन एकर हातचं जाणार होतं. आता तिला खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

“पुरा नाई,” मी म्हणालो. “पण वाक्य काढलं त दस्त होत नाई.”

“राहू दे मंग,” सुमन म्हणाली. “मीबी तवा राहूच देल्लं होतं.”

मी प्रिंट काढली, सही केली. वावर तिच्या नावावर चढलं. औंदा तिनं त्यात तूर आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली आहे. मक्त्याचं शेत सोडून दिलं.

माझ्या फॉरमॅटमध्ये ते वाक्य अजूनही आहे. त्याशिवाय काम होत नाही. पण नाव, वय, गाव टाकण्याआधी मी बाईला विचारतो. बहुतेक जणी ‘भाऊ म्हणन थेच’ म्हणतात आणि काही भाऊ फाइल उचलून शेजारच्या टेबलावर जातात. धडा म्हणाल तर एवढाच: आधी विचारावं, मग टाइप करावं. उलट केलं तर दुरुस्तीला अठरा वर्षं लागतात, आणि तीही अर्जनवीस घरचा असताना.